गरोदरपणातली साखर, भाकरी आणि पाच किलोचा काटा

2024 च्या 25 ऑक्टोबरला माझी प्रसूतीनंतरची साखरेची तपासणी झाली आणि गरोदरपणात वाढलेल्या साखरेचं जूनपासून चाललेलं प्रकरण कागदावर तरी मिटलं. मधल्या काळात ओळखीतल्या दोघीतिघींनी फोन करून एकच विचारलं, "अगं, वजन करून खायचं म्हणजे नक्की करायचं काय?" फोनवर ते धड सांगता येत नाही. कच्चं मोजायचं की शिजलेलं, भाकरी मोजायची की पीठ, पाच माणसांच्या स्वयंपाकातून आपलं ताट वेगळं कसं काढायचं, असे बारीकसारीक प्रश्नच जास्त असतात. म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत खतावणी सांभाळते. इथले आकडे माझ्या पोटाचे आहेत. तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

फेब्रुवारीत कोल्हापूर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. दाखवायला राजारामपुरीतल्या खासगी डॉक्टर होत्या, पण कार्ड दोन्हीकडे लागतं, ते पर्समध्येच ठेवा. साखरेची पहिली तपासणी तेव्हाच झाली, ती व्यवस्थित आली. दुसरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करतात. माझी 10 जूनला, सोमवारी झाली.

75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात ढवळून देतात. पाचदहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. आपल्याकडे गरोदर बायकांसाठी जी सरकारी पद्धत आहे तिच्यात उपाशीच पाहिजे अशी अट नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं असेल तर तसंच जा. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी परत दुसऱ्या दिवशी करावी लागते. मळमळणारीनं हे आधीच तिथल्या सिस्टरना सांगावं, त्या घोट घोट घ्यायला लावतात. मधल्या वेळात इकडेतिकडे फिरायचं नाही. बाकावर बसून राहायचं, तेव्हा काहीतरी वाचायला न्या. माझे 180 रुपये लागले. रिपोर्ट संध्याकाळी पाचला मिळाला. 140 च्या आत हवी होती, आली 162.

त्या रात्री झोप आली नाही. आईला साखर आहे, त्यामुळे हा शब्द घरात नवा नव्हता. पण तो आईच्या नावापुढे लागायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं की गरोदरपणात वारेतून जी हार्मोन्स सुटतात ती रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचं काम अवघड करतात, काहींचं शरीर ती कसर भरून काढतं आणि काहींचं नाही. पेढे खाल्ल्यानं हे होत नाही. पहिले दोन आठवडे खाणं आणि चालणं यावर बघू, नाही जमलं तर औषध. रिपोर्टवर आहारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली.

आहारतज्ज्ञांची वेळ मिळाली 18 जूनची. हा मधला आठवडा सगळ्यात वाईट. रिपोर्टची बातमी गल्लीभर झाली होती आणि जी येईल ती सल्ला देऊन जात होती. "भात बंद कर." "बटाटा बंद." "केळं तर बघूबी नको." शेजारच्या काकूंनी रात्री नुसतं ताक प्यायला सांगितलं. उलट सासूबाईंचं म्हणणं, "दोन जिवांची हाय ती. उपाशी मारतासा काय पोरीला?" मी दोन्हीकडे मान हलवत होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या आठवड्यात स्वतःच्या मनानं काही बंद करू नका, एवढंच सांगेन. साखर, गूळ, फळांचा रस एवढं टाळा आणि तारखेची वाट बघा.

18 तारखेला केसपेपरची खिडकी साडेनऊला उघडली आणि नंबर आला साडेअकराला. फी 500 रुपये, पुढच्या भेटींना 300. सोबत काय न्यायचं: साखरेचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, कार्ड, आणि आदल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं त्याची यादी. ही यादी मागतीलच.

मॅडमनी यादी वाचली आणि विचारलं, "ही 'एक वाटी भात' लिहिलीय, ती वाटी केवढी?" मी हातानं दाखवली. त्यांनी टेबलाच्या खणातून तीन स्टीलच्या वाट्या काढून पुढ्यात मांडल्या आणि म्हणाल्या, यातली कुठली? मला सांगता येईना. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी यांत निम्म्याचा फरक होता.

मग त्यांनी मांडणी करून दिली. कर्बोदकं म्हणजे अन्नातलं जे पचून रक्तात साखर होतं ते. न्याहारीला ती 30 ग्रॅम, दोन्ही जेवणांना 45 च्या आसपास, आणि मधल्या तीन खाण्यांना 15 ते 20. त्यातलं एक रात्री झोपायच्या आधी. न्याहारी कमी का, तर सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं. आणि दिवसाची बेरीज 175 ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायची नाही, बाळाच्या मेंदूला ग्लुकोज लागतं. हे ऐकून मला रडूच आलं, कारण आठवडाभर सगळे 'बंद कर' म्हणत होते आणि ही बाई 'एवढं खाल्लंच पाहिजे' म्हणत होती. माझ्या यादीची त्यांनी तिथेच बेरीज केली, ती 140 सुद्धा भरली नाही. गल्लीचा सल्ला ऐकून भात बंद केला असता तर आणखी खाली गेली असती.

काटा घ्यायला त्यांनीच सांगितलं. पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचं माप दाखवणारा, भांड्याचं वजन शून्य करायचं 'टेअर' बटण असलेला. "जन्मभर मोजायचं नाहीये. दोन-तीन आठवडे मोजा, तुमच्या घरच्या वाट्या, पळ्या, भाकऱ्या ओळखीच्या होतील. मग अधूनमधून."

महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात 750 ला मिळाला. ऑनलाइन दीडशेनं स्वस्त होता, पण यायला चार दिवस लागणार होते. घेताना तीन गोष्टी बघा. साधे पेन्सिल सेल बसणारा घ्या, बटणासारख्या चपट्या सेलचा नको, तो संपला की लगेच मिळत नाही. आकडे दिसायची पट्टी काट्याच्या पुढच्या कडेला हवी; मधे असली तर परात ठेवल्यावर आकडा झाकला जातो. आणि वजन न हलता किती वेळात काटा आपोआप बंद होतो ते दुकानातच बघा. माझा दोन मिनिटांत होतो. पीठ मळायला घेतलं आणि कुणी हाक मारली की गेला आकडा.

नवऱ्याला काट्याचा भरवसा नव्हता. घरगुती काट्यावर सरकारी शिक्का नसतो. दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून घ्यावा लागतो, घरच्याला तसं काही बंधन नाही. मग आम्ही काटा पिशवीत घालून गुजरीत आमच्या सराफांकडे गेलो. त्यांनी गालिच्यावरून दागिने बाजूला सरकवले, पंखा बंद करायला लावला आणि डबीतली वजनं चिमट्यानं एकेक करून ठेवली. 10 ला 10 दाखवले, 50 ला 50, आणि 200 ला 201. "वहिनी, सोनं घ्यायचं असतं तर या काट्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. भाताला चालतंय." चहा पाजून पाठवलं.

ज्यांना सराफाकडे जायचं नाही त्यांनी 'गोकुळ' दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी काट्यावर ठेवून बघा. 500 दाखवणार नाही, 515 ते 520 दाखवेल, आणि काटा बरोबरच असेल. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, अर्धा लिटर दूध 515 ग्रॅमच्या आसपास भरतं, वर पिशवीचे दोनतीन ग्रॅम. मिली आणि ग्रॅम एक नाहीत, हे यातून घरातल्या सगळ्यांना पटतं. काट्यावर एककाचं बटण असतं, ते चुकून दाबलं जातं आणि आकडा औंसात जातो. विचित्र आकडा दिसला की आधी कोपऱ्यात 'ग्रॅम' आहे का ते बघा.

पहिलं काम वाट्यांचं. आमच्या मांडणीतल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या, एकेक काट्यावर ठेवून शून्य केली आणि काठोकाठ पाणी भरलं. 105, 130, 150, 180 आणि 210. पाचही 'एक वाटी'च. 150 ची माझी ठरवली आणि तिच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे घासणारीलाही कळावं. ठिपका महिन्याभरात जातो, परत लावायचा.

मग भाकरी. इथे मला सासूबाईंची धास्ती होती. त्यांच्या परातीत काटा आणायचा म्हणजे देवघरात चप्पल घालून जाण्यासारखंच. मी म्हटलं, "आत्ती, तुम्ही रोजच्यासारखं पीठ घ्या, मी फक्त बघते." त्यांनी डब्यात हात घातला, ओंजळ परातीत टाकली. 88. ते बाजूला काढलं, दुसरी ओंजळ. 91. तिसरी 89. मी काट्याकडे बघत राहिले आणि त्या माझ्याकडे. "काय बघतीस? चाळीस वर्षं भाकरी थापतोय मी," म्हणाल्या. त्यानंतर काट्याला त्यांचा विरोध राहिला नाही. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, बोलावून तीन आकडे वाचून दाखवायला लावले.

आता हिशेब. कुठल्या धान्यात किती कर्बोदकं असतात ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये काढलेल्या तक्त्यांत आहे, मॅडमनी त्यातली आपल्या खाण्यातली पानं झेरॉक्स करून दिली होती. 100 ग्रॅममागे कच्चा तांदूळ 78, पोहे 77, ज्वारी 68, नाचणी 67, गव्हाचं पीठ 64, बाजरी 62. म्हणजे सासूबाईंची 90 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी झाली 61 ग्रॅमची, माझ्या अख्ख्या जेवणाच्या वाट्यापेक्षा जास्त. अर्धी भाकरी ताटात वाढायला त्या तयार होईनात. गरोदर सुनेच्या ताटात तुकडा? मग त्यांनीच तोड काढली, 45 ग्रॅम पिठाची वेगळी भाकरी. साधारण 30 ग्रॅम कर्बोदकं. सोबत माझी ठिपक्याची वाटी भरून मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. झालं 45. माझी भाकरी शेवटी थापायची, म्हणजे गरम मिळते.

भाजलेली भाकरी मोजू नका, पीठ मोजा. तव्यावर पाणी किती उडालं त्यावर वजन बदलतं. 45 ग्रॅमचीच भाकरी कधी 68 भरली, कधी 75.

भाताला ही सोय नाही, कारण भात सगळ्यांचा एकत्र शिजतो. त्याची युक्ती अशी: रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून ठेवायचं. आमच्या सगळ्या पातेल्यांची यादी मांडणीच्या दाराला आतून चिकटवलीय. तांदूळ कच्चा मोजायचा. भात झाला की पातेल्यासकट वजन करायचं आणि पातेल्याचं वजा करायचं. आमच्या घरी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असतो; 250 ग्रॅमचा भात 710 ग्रॅम भरला. म्हणजे 100 ग्रॅम भातात 35 ग्रॅम तांदूळ, म्हणजे साधारण 27 ग्रॅम कर्बोदकं. हा हिशेब एकदाच करावा लागतो, पण तांदूळ बदलला की परत. इंद्रायणी आणला होता तेव्हा पाणी जास्त लागलं आणि आकडा बदलला. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवा आणि पाटासकट शून्य करा. पंखा बंद. ओटा कोरडा आणि सपाट.

तेलातुपासाठी उलटी रीत. तुपाची बरणी काट्यावर ठेवून शून्य करायची, चमचा भरून काढायचा, काटा उणे आकडा दाखवतो. उणे 6 म्हणजे सहा ग्रॅम तूप आपल्या पोटात. भांडं खरकटं होत नाही. मीठ-मसाला मात्र या काट्यावर मोजायच्या फंदात पडू नका, चिमटीभरानं आकडा हलतही नाही.

पोह्यांनी माझी निराशा केली. 30 ग्रॅम कर्बोदकं म्हणजे 40 ग्रॅम कोरडे पोहे, आणि ते भिजवून परतले तरी बशीच्या तळाशीच राहतात. त्यात मटार, फ्लॉवर, शेंगदाणे ढकलून आणि बाजूला एक उकडलेलं अंडं घेऊन बशी भरली. आनंदाची बातमी रविवारी होती. मटणात कर्बोदकं जवळजवळ नसतातच, त्यामुळे मटण मोजायचं नाही. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, तांबड्यात कांदा-खोबरं, त्याचं फार काही होत नाही. तेलाचा कट वरून काढला की बस. आवरायचा असतो तो रश्श्यात कुस्करला जाणारा भात. धाकटी भाकरी, सुकं आणि दोन वाट्या पांढरा, एवढ्यावर तासाभरानं साखर 128 आली. दिरानं माझ्या साखरेच्या वहीतलं ते पान व्हॉट्सॲपवर टाकून 'कोल्हापूरकरांना डॉक्टरांची परवानगी' असं लिहिलं होतं. मिसळीला असं नशीब नाही. फरसाण, बटाटा आणि पाव, तिन्ही एकदम. मटकी आणि कट घरी केला, फरसाण मोजून 15 ग्रॅम टाकलं, पाव नाही. तिला मिसळ म्हणावं का यावर घरात मतभेद आहेत.

ग्लुकोमीटर 950 ला आला, सोबत 25 पट्ट्या. पुढे 50 पट्ट्यांची बाटली 1,050. पहिल्या आठवड्यात रोज चारदा बोट टोचायचं: उठल्या उठल्या उपाशी, आणि न्याहारी व दोन्ही जेवणांनंतर. उपाशी 95 च्या आत, पहिला घास घेतल्यापासून तासाभरानं 140 च्या आत, दोन तासांनी 120 च्या आत. घड्याळ पहिल्या घासाला लावायचं, हात धुतल्यावर नाही. बोटाच्या टोकाला टोचू नका, कडेला टोचा. आणि आधी साबणानं हात धुऊन पुसा, आंबा चिरलेल्या हातानं काहीही आकडा येतो. वहीत तीन रकाने केले होते: काय खाल्लं, किती ग्रॅम, तासानं किती. ऑफिसला डबा घरूनच मोजून नेत होते. तिथे काटा नेला नाही, वजनकाटा घेऊन जेवणारी बाई हे आमच्या शाखेत वर्षभर पुरलं असतं.

30 जूनला, रविवारी, डोहाळजेवण. आषाढ लागायच्या आत उरकायचं होतं. मी काटा आत ठेवून दिला होता, पण आत्याबाईंना तो सापडला. मग काय, पेढा-बर्फीचा खेळ बाजूला राहिला आणि पेढे काट्यावर चढले. एक पेढा 22 ग्रॅम. लाडू 41. पुढे कुणीतरी पाटली उतरवून ठेवली आणि बाकीच्याही सुरू झाल्या. काकूंच्या पाटल्या त्या सांगत होत्या त्यापेक्षा बऱ्याच हलक्या निघाल्या आणि पाच मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. मला मॅडमनी आधीच सांगितलं होतं की त्या दिवशी अर्धा पेढा जेवणासोबत घ्या आणि तेवढा भात कमी करा. नुसता, रिकाम्या पोटी नको. तसं केलं. 134.

17 जुलैला आषाढी एकादशी होती. उपास करायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा पिष्टच, आणि दिवसभर उपाशी राहून रात्री खाणं त्याहून वाईट. सासूबाईंनी माझा उपास स्वतः धरला, म्हणाल्या की दोन्ही पोचतील.

जुलैच्या शेवटी पाऊस थांबेना. पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, आम्ही उंचावर असलो तरी रस्ते कुठे कुठे बंद होते. आहारतज्ज्ञांची भेट रद्द झाली आणि वहीचे फोटो फोनवर पाठवले. त्या चाळत असताना त्यांना दिसलं ते मलाही दिसत होतं. जेवणानंतरचे आकडे सगळे बरोबर, पण सकाळचा उपाशीपोटीचा 97, 99, 96. रात्रीचं खाणं बदलून बघितलं, दुधाऐवजी मूठभर फुटाणे, मग पनीर. रात्री गच्चीवर वीस मिनिटं चालून बघितलं. हलला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात 101 आला.

6 ऑगस्टला रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. दवाखान्यातून येताना मी रिक्षात एक शब्द बोलले नाही. ग्रॅम ग्रॅम मोजून शेवटी सुई लागलीच, असं वाटत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला घरी आल्यावर पटलं: रात्रभर काही न खाता सकाळी साखर चढलेली असेल तर ती ताटातली नसते. ती यकृत सोडतं, आणि वारेचा जोर या आठवड्यांत वाढलेला असतो. काटा जेवणानंतरची साखर आवरतो, ती आवरली होती. दुसरीसाठी दुसरं साधन लागतं. सुई केसाएवढी असते, मांडीत टोचायला शिकवतात, दोन दिवसांत हात बसतो. इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात ठेवलं होतं. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायचं नाही, गोठलं की वाया जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळचा आकडा 90 च्या आत आला. खाणं तेच राहिलं.

तोवर काट्याचं कामही कमी झालं होतं. ठिपक्याची वाटी, 45 ची भाकरी, भाताची ठरलेली पळी, एवढ्यावर चालायचं. रविवारी एकदा सगळं परत मोजून बघायची, आणि पळी दर वेळी थोडी वर सरकलेली असायची. ती सरकतेच.

11 सप्टेंबरला गौरी जेवल्या. पुरणाची अर्धी पोळी, भात नाही, कटाची आमटी हवी तेवढी. 13 तारखेला पहाटे दवाखान्यात गेलो आणि दुपारी मुलगी झाली. 2 किलो 940 ग्रॅम. सासूबाईंनी सिस्टरना विचारलं, "काटा बरोबर हाय न्हवं?" बाळाची साखर पहिल्या दिवशी टाचेतून थेंब घेऊन काही वेळा बघतात, बघवत नाही, पण लवकर दूध पाजलं की बहुतेक ठीक असते, तशी होती. माझं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं.

विम्याचं सांगायचं तर, नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात प्रसूती बसली. पट्ट्या, ग्लुकोमीटर, आहारतज्ज्ञांची फी, यातलं काही बसलं नाही, ते बाहेरचे उपचार. तरी बिलं सगळी ठेवा, प्रत्येकावर रुग्णाचं पूर्ण नाव घालून घ्या. आमची दोन औषधांची बिलं नवऱ्याच्या नावानं निघाली होती, ती बदलून आणायला परत जावं लागलं. काटा, ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया, इन्सुलिन आणि फी मिळून आठ हजारांच्या आसपास गेले, सगळ्यात जास्त पट्ट्यांवर.

बाळंतपणात डिंकाचे लाडू आलेच. या वेळी सासूबाईंनी वळतानाच काटा मागून घेतला आणि तीस-तीस ग्रॅमचे वळले, 'म्हणजे मोजत बसायला नको'. बाळाला पाजत असल्यामुळे भूक प्रचंड लागते, तेव्हा मॅडमनी खाणं वाढवून दिलं होतं.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी परत तपासणी करायची असते. बाळाच्या गडबडीत हीच राहून जाते, म्हणून डिस्चार्जच्या कागदावरच तारीख लिहून घ्या. माझी 25 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर झाली. या वेळी उपाशीपोटी जायला सांगितलं होतं. आधी एकदा रक्त, मग तेच 75 ग्रॅम, मग दोन तास. बाळाला घेऊन आई सोबत आली होती, मधे तिथेच पाजलं. पाजायला आडोसा आहे का ते आधी फोन करून विचारा. उपाशी 86, दोन तासांनी 117. दोन्ही मर्यादेत.

फाइलवर डॉक्टरांनी लिहून दिलंय: साखर दर वर्षी तपासणे, पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगणे. एकदा गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून. पुढची तपासणी 2025 च्या ऑक्टोबरातली ठरली होती. उरलेल्या पट्ट्या आईला देऊन टाकल्या, तिला रोजच लागतात. बाटलीवर दोन तारखा बघायच्या असतात, छापलेली मुदत आणि आपण झाकण उघडलं तो दिवस. उघडल्यावर किती महिने चालतात ते बाटलीवरच लिहिलेलं असतं.